आंबोलीवालीचा पाऊस

आमची ही मुंबईच्या पावसाला पाऊस म्हणत नसे. चाळीत गुडघाभर पाणी भरलं, शेजाऱ्यांच्या चपला वाहत गेल्या, तरी ही उंबऱ्यात उभी राहून म्हणायची, "हेका पाऊस म्हणतत?" तिचं माहेर आंबोली. अंधेरीची नव्हे, सावंतवाडीच्या वर घाटातली. महाराष्ट्रात सगळ्यात जास्त पाऊस तिथे, आणि तो हिच्या बापानेच पाडलेला असा हिचा तोरा. घाटकोपरच्या आमच्या चाळीत तिला नावानं कोणी ओळखत नव्हतं. सगळे आंबोलीवालीच म्हणायचे.

पाऊस मोजायची तिची रीत वेगळी. इंचाबिंचाचं तिला काही नव्हतं. धुतलेली गोधडी कधी सुकते, त्यावर पाऊस. "आमच्याकडे मिरगात धुतलेली गोधडी गणपतीला अंगावर येते," म्हणायची. माहेरी कपडे निखाऱ्यांवर सुकवतात, म्हणून इथेही जून लागला की शेगडी पेटवायची, त्यावर कोंबड्या झाकायचं डालं पालथं घालायची आणि डाल्यावर माझे शर्ट. बाहेर ऊन पडलं तरी. कांजूरच्या कंपनीत साहेब विचारायचा, "काय रे, कुठे आग लागली होती?" मी म्हणायचो, "नाही साहेब, लग्न झालंय."

समोर बँकवाले कुलकर्णी राहायचे. वाचणारा माणूस.

"वहिनी, सगळ्यात जास्त पाऊस मेघालयात पडतो."

"तुम्ही जाऊन आलात?"

"नाही, वाचलंय."

"मग वाचा. मी भिजून आलेय."

दोन हजार पाचच्या सव्वीस जुलैला मी कांजूरहून छातीभर पाण्यातून चालत घरी आलो. दार उघडून ही म्हणाली, "छत्री कुठे टाकलीत?" पुढे पेपर आला, तो घेऊन कुलकर्णी धावत आले. "वहिनी, आता तरी माना. मुंबईनं रेकॉर्ड मोडलं. एका दिवसात एवढा पाऊस." ही तांदूळ निवडत होती. म्हणाली, "एक दिवस आमचे हेपण भांडी घासतात. म्हणून काय ते घर चालवतात?" कुलकर्णी माझ्याकडे बघायला लागले. मी छपराकडे बघितलं.

तिचं मागणं एकच होतं. "एकदा मला घेऊन आषाढात चला. मे महिन्यात काय बघता? तेव्हा आमचं गाव तुमच्या घाटकोपरासारखंच." आषाढात रजा मिळायची नाही, मिळाली तर घाटात दरड. रिटायर झालो तेव्हा म्हटलं, यंदा जाऊ. तर हिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. डॉक्टर म्हणाला, पाणी मोजून द्या. एवढ्या पावसाच्या गावची बाई, आणि दिवसाला दोन पेले पाणी.

तरी मशीनवरच्या पोरीला विचारायची, "आषाढात चार दिवस सोडशील गं?"

"आजी, दोनच्या वर नाही."

"दोन दिवस आमच्याकडे पाऊस नुसता घसा खाकरतो," ही म्हणायची आणि कूस बदलून पडायची.

गेल्या वर्षी आषाढ लागायला आठवडा असताना गेली. मुलगी म्हणाली, "बाबा, अस्थी नाशिकला नेऊ. रस्ता चांगला आहे." मी म्हटलं, "आंबोली."

मेव्हण्यानं माझ्यावर छत्री धरली, ती उलटी होऊन दरीत गेली. स्वतःचा हात दिसत नव्हता. नदीवर मडकं रिकामं केलं, तर हातात होतं तिथेच ते पावसानं पुन्हा भरायला लागलं. असा पाऊस मी जन्मात बघितला नव्हता.

मेव्हणा कानाशी ओरडला, "भावोजी, कसो वाटलो आमचो पाऊस?"

मी म्हटलं, "ठीक आहे. घाटकोपरला याच्यापेक्षा जास्त पडतो."

आणि जरा थांबलो. कोणी भांडलं नाही.