मावशी ठणठणीत आहेत

नर्सने प्रश्न मला विचारला होता. उत्तर डॉक्टरांनी दिलं.

"कधी कुठल्या औषधाची, इंजेक्शनची अ‍ॅलर्जी?" मास्कच्या वरचे नर्सचे डोळे माझ्याकडेच होते. मी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून डॉक्टर म्हणाले, "नाही हो, काही नाही. ठणठणीत आहेत आमच्या मावशी. द्या तुम्ही."

तिने दिलं. मी उघडलेलं तोंड मास्कच्या आत मिटलं. मास्कचा तेवढा एक फायदा, गिळलेला शब्द कुणाला दिसत नाही.

कोविडची लस तेव्हा नुकती आली होती. आधी दवाखान्यांत काम करणाऱ्यांना, मग बाकीच्यांना, असं ठरलं होतं. सदाशिव पेठेतल्या एका डॉक्टरांकडे मी कितीतरी वर्षं कामाला. केर-फरशी करायची, पेशंटना नंबराने आत सोडायचं, वापरलेल्या सुया आणि कापूस वेगळ्या पिशवीत भरायचा. दवाखान्याच्या वरच डॉक्टरांचं घर. तिथे त्यांची आई. त्यांना सगळे माई म्हणतात. दुपारी माईंचे पाय चेपायचे, त्यांच्या गोळ्या द्यायच्या, हेही माझंच काम. मला नाव आहे. पण तिथे मी मावशी.

लॉकडाऊन लागला तसा कंपाउंडर गावी गेला. फोन घेणारी मुलगी घरी बसली. डॉक्टरांनी टेबलापुढे जाड प्लास्टिकचा पडदा लावून घेतला. डॉक्टर पडद्याच्या पलीकडे. खोकणारे पेशंट अलीकडे. मीही अलीकडेच. बस बंद, म्हणून बिबवेवाडीहून चालत यायचे. आमच्या वस्तीत लोक मला बघून बाजूला सरकायचे, दवाखान्यातून आली म्हणून. आणि दवाखान्यात डॉक्टरांची बायको, आम्ही मॅडम म्हणतो त्यांना, मला दारातच उभी करून चपलांपासून पदरापर्यंत सॅनिटायझर फवारायच्या. "वस्तीतून येता ना, म्हणून हो." पेशंट बघत बसलेले असायचे. दोन्हीकडून मीच घाण.

तरी मी जात राहिले. पगार होता, ते आहेच. पण खरं कारण वेगळं होतं. डॉक्टरांनी माझा जीव वाचवला होता.

खूप आधीची गोष्ट. पायात खिळा घुसला होता, पाय सुजला होता. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. मी दारापर्यंतही पोचले नाही. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, घसा आवळला. श्वास आत जाईना. समोरची भिंत काळी पडत गेली. डॉक्टर धावत आले, दुसरं इंजेक्शन दिलं, फरशीवर बसून माझं डोकं धरलं. "मावशी, माझ्याकडे बघा. श्वास घ्या. घ्या म्हणतो ना." मी घेतला. संध्याकाळी घरी सोडताना त्यांनी मला पढवलं, "यापुढे कुठेही इंजेक्शन घ्यायची वेळ आली तर आधी सांगायचं, मला रिअ‍ॅक्शन येते. कुणी विचारलं नाही तरी सांगायचं." मी मान डोलावली होती. त्या दिवसापासून तो माणूस माझ्यासाठी देवाच्या खालोखाल.

माईंना हे कळलं तेव्हा त्यांनी मला वर बोलावलं. त्यांनाही तसंच झालं होतं, डॉक्टरांच्या वेळच्या बाळंतपणात. म्हणाल्या, "अगं, म्हणजे तुझं नि माझं रक्त एकच दिसतंय." मी हसले. पण ते वाक्य मी जपून ठेवलं. ज्या बाईच्या स्वयंपाकघराचा उंबरा मी कधी ओलांडला नव्हता, ती माझं रक्त आपलं म्हणत होती. भाळले मी.

तर लस आली. माणसं घाबरलेली होती. दवाखान्यात पेशंट विचारायचे, साखर आहे, घेऊ का? बीपीची गोळी बंद करायची का? वस्तीत बायका विचारायच्या, पाळीत चालते का? घेतल्यावर मूल होत नाही म्हणतात, खरं का? शेजारच्या संगीताची सून लहान बाळाला अंगावर पाजत होती. तिची वेगळीच काळजी. मलाही भीती होती. मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं, "मला ते मागं झालं हुतं. चालंल ना?"

"मावशी, मी बरोबर आहे ना?"

संपलं. माझ्यासाठी तेवढं पुरे होतं.

"आपल्याकडून पहिला मान मावशींचा," डॉक्टर म्हणाले. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर स्वतः नंतर घेणार होते, दवाखाना एकदम बंद नको म्हणून. मॅडमही नंतर. महापालिकेच्या दवाखान्यात डॉक्टर मला स्वतःच्या गाडीतून घेऊन गेले. मागच्या सीटवर का होईना, पण गाडीतून. तिथे नर्सने विचारलं, आणि डॉक्टर नाही म्हणाले. मला वाटलं, एवढा शिकलेला माणूस आहे, त्याला माहीत असेल ना. ही लस वेगळी असेल. तिथे सांगायचं नसेल.

टोचल्यावर अर्धा तास बसवतात. डॉक्टर माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. एकदा घड्याळाकडे बघायचे, एकदा माझ्या गळ्याकडे. एक हात कोटाच्या खिशात. "घसा कसा वाटतोय? हात दाखवा. उलटा करा." मी मनात म्हटलं, सख्खा भाऊ बसणार नाही असा.

मला काही झालं नाही. दोन दिवस दंड दुखला, रात्री कणकण आली, एवढंच. मॅडमचा फोन रोज सकाळी. "ताप? गांधी? श्वास?" माझ्या लग्नाच्या नवऱ्याने कधी माझा ताप विचारला नव्हता. मी वस्तीत मिरवलं. फोन मुद्दाम स्पीकरवर टाकायचे.

आणि मग दवाखान्यात पाटी लागली. डॉक्टरांनी स्वतः मजकूर केला होता. सदाशिव पेठेतली पाटी ती, कशी असणार? "लसीबाबत: आमच्या मावशींनी घेतली आहे. त्या ठणठणीत आहेत. तेच तेच प्रश्न विचारू नयेत." शेजारी माझा फोटो, खांद्यावर शाल, हातात नारळ. येणारा पेशंट आधी पाटी वाचायचा, मग मला बघायचा. वरपासून खालपर्यंत. "ह्याच का त्या? काही झालं नाही ना यांना?" विचारायचे आता परत आलेल्या फोन घेणाऱ्या मुलीला. मी समोर उभी असायचे. एका आजोबांनी तर मला चार पावलं चालून दाखवायला लावलं. मी चालले. लोक हसले, मीही हसले. रोज सकाळी ती पाटी मी स्वतः पुसायचे.

एका दुपारी माईंचे पाय चेपत होते. टीव्हीवर बातमी होती, आता ज्येष्ठांनाही लस मिळणार. मी म्हटलं, "माई, तुम्हीबी घ्या आता. काय होत न्हाई. मला बघा की."

माई हसल्या. "तुलाच तर बघतोय आम्ही इतके दिवस."

मला वाटलं, थट्टा करतात. पुण्यातली माणसं, बोलणं तसंच. पण माई पुढे बोलत राहिल्या, अगदी कौतुकाने. "अगं, तुझं नि माझं ते इंजेक्शनचं सारखंच ना. मी ऐकायलाच तयार नव्हते. म्हटलं बाळला, मला नाही बाई ती लस घ्यायची, तेव्हासारखा जीव घुसमटायचा. तर म्हणाला, माई, थांब. आधी मावशींना देऊन बघू. त्यांना काही झालं नाही तर तुलाही होणार नाही. खिशात उतारा घेऊन गेला होता हो, उगाच नाही. हुशार आहे माझा बाळ."

माझे हात थांबले.

"थांबलीस का गं? डावा राहिलाय."

मी डावा पाय चेपला. पूर्ण चेपला. त्या दिवशी मी उठून का गेले नाही, हे मला आजही सलतं.

घरी येताना सगळं एकेक करून उलगडत गेलं. गाडी. खुर्ची. खिशातला हात. रोजचे फोन. मी ज्याला माया समजले ती चौकशी होती. माझा ताप माझा नव्हताच, तो माईंसाठी मोजला जात होता. एकच रक्त म्हणाल्या होत्या ना माई? बरोबरच म्हणाल्या होत्या. आधी माझ्यावर करून बघण्यापुरतं एकच.

मला राग कशाचा आला, ते नीट सांगते. लसीचा नाही. लस मी घेणारच होते. आणि डॉक्टरांनी मला बसवून विचारलं असतं, मावशी, असं असं आहे, माई घाबरल्यात, तुम्ही आधी घ्याल का, मी औषध घेऊन शेजारी बसतो, तर मी हो म्हटलं असतं. देवाशपथ हो म्हटलं असतं. त्या म्हाताऱ्या बाईवर माझा जीव होता. पण विचारलं नाही. विचारावं असं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. वर मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही खोटं दिलं, माझ्यादेखत. ज्या माणसाने मला पढवलं, कुठेही आधी सांगायचं, त्यानेच माझं तोंड मिटवलं. रात्रभर मी कूस बदलत राहिले आणि रडले. नवरा गेला तेव्हाही इतकी रडले नव्हते.

थोड्याच दिवसांत माझा दुसरा डोस आला. आता डॉक्टर आणि मॅडमही पहिल्या डोससाठी आले होते. मावशी ठणठणीत होती ना. तोच दवाखाना, तीच रांग. "पहिला मान मावशींचा," डॉक्टर म्हणाले आणि मला पुढे केलं.

नर्स दुसरी होती. प्रश्न तोच. "कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी?"

"नाही हो, त्यांना..." डॉक्टर मागून.

"थांबा डॉक्टर," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "मला इचारलंय त्यांनी."

मी नर्सला सांगितलं, "मला इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन आलेली हाय. घसा बंद झाला हुता, मरता मरता वाचले. ह्यांच्याच दवाखान्यात. ह्यांना म्हाईत हाय."

नर्सने तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी कोणतं इंजेक्शन, किती वेळात, सगळं विचारलं. पहिल्यांदाच कुणीतरी माझं उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबलं. "सांगितलंत हे बरं केलंत. पहिल्या डोसला काही त्रास झाला नाही, तेव्हा हाही घेता येईल. फक्त जास्त वेळ बसायचं, माझ्या नजरेसमोर. पण पहिल्या वेळी का नाही सांगितलंत?"

"इचारलं मला हुतं. सांगितलं ह्यांनी."

डॉक्टरीणबाईंनी मान वळवून डॉक्टरांकडे बघितलं. मग मी त्यांना एक विचारलं. "बाई, मला काय झालं न्हाई, म्हंजे ज्याला माझ्यासारखाच त्रास हाय त्याला बी काय व्हायचं न्हाई का?"

"असं कुठे असतं? ज्याचं त्याचं शरीर वेगळं."

म्हणजे डॉक्टरांनाही हे माहीत असणारच. तरी केलं. औषधासाठी नाही, शास्त्रासाठी नाही. आईची समजूत काढायला मला पुढे केलं होतं. लहान मुलाला कडू औषध देताना आधी बाहुलीला पाजतात, तसं.

मी दुसरा डोस घेतला. बाईंनी सांगितला तेवढा वेळ बसले. डॉक्टर खुर्ची घेऊन समोर आले नाहीत.

बाहेर मॅडम म्हणाल्या, "मावशी, चारचौघांत असं बोलायची काही गरज होती का? आम्ही तुम्हाला घरच्यासारखं मानतो."

"घरच्यांना इचारत्यात मॅडम."

डॉक्टर एवढंच म्हणाले, "तुम्हाला मी वाचवलंय, विसरू नका." त्यांचा आवाज चढला नव्हता. मोलकरणीला तिच्या जागेची आठवण करून द्यावी, इतक्या सहज म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेवटचं कामावर गेले. केर काढला. फरशी पुसली. मग स्टुलावर चढून ती पाटी काढली आणि फोटोसकट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. मॅडम धावत आल्या, "अहो, हे काय?" मी म्हटलं, "मी ठणठणीत हाय का न्हाई, ते आता मला इचारायचं." पेशंट ऐकत होते. माईंना भेटायला वर गेले नाही. जावंसं वाटलं, जिन्यापर्यंत गेले, आणि परतले.

नंतर लसीसाठी वस्तीतल्या बायकांचा नंबर आला तेव्हा मी प्रत्येकीबरोबर गेले. लस घ्या म्हणाले. भिऊ नका, काही होत नाही, असं मात्र कुणालाही म्हणाले नाही. म्हणाले, तुझ्या अंगात काय आहे ते तू सांग, आणि सांगितल्याशिवाय दंड पुढे करू नको. संगीताच्या सुनेच्या वेळी तिचा नवरा मागून बोलायला लागला. मी त्याच्यापुढे हात आडवा धरला. तो चिडला. चिडू दे.

आता मी एका शाळेत कामाला आहे. परवा तिथे सगळ्यांची तपासणी झाली. तपासणाऱ्याने मला विचारलं, कसला त्रास? शाळेचे साहेब शेजारून म्हणाले, "मावशींना काही नाही हो, पुढचं बघा." मी म्हटलं, "थांबा साहेब." आणि सगळं सांगितलं, घशापासून पायापर्यंत, सावकाश. मागे रांग खोळंबली. खोळंबू दिली.

डॉक्टरांनी मला वाचवलं, हे मी विसरलेले नाही. त्या फरशीवरचा तो श्वास त्यांनीच दिला. पण एकदा जीव वाचवला म्हणून तो वाचवणाऱ्याच्या मालकीचा होत नाही. तो श्वास आता माझा आहे. तो कुणासाठी पणाला लावायचा असेल तर माझ्यासमोर बसायचं, माझ्या डोळ्यांत बघायचं आणि मला विचारायचं. मी नाही म्हटलं, तर नाही.