दुसरा मीटर

आमच्या इब्रामपुरात एका घराला विजेचे दोन मीटर दिसले की लोक धरून चालतात, भाऊ वेगळे झाले. घरात जाऊन विचारायची कुणाला गरज वाटत नाही. हे माहीत असूनही मी अर्ज करायला निघाले.

थोरली जाऊ आणि मी मिळून फणसाची साठं घालतो, कोकमाचं आगळ काढतो. मांद्र्याची गेस्टहाउसं आणि म्हापशातले दुकानदार आमचा माल घेतात. सुकवणीच्या यंत्राला सरकारी अनुदान मिळतं असं कळलं. अर्ज एकीच्याच नावाने करायचा होता. "तुझ्याच नावान कर. माका सह्यो करूचो कंटाळो," असं जाऊच म्हणाली. इथपर्यंत सगळं गोड.

मग म्हापशाच्या, अर्ज भरून देणाऱ्या गृहस्थांनी अटी सांगितल्या. घरच्या स्वयंपाकापासून वेगळी खोली, मधे भिंत, बाहेरून दार, धंद्याचा स्वतंत्र मीटर. घर थोरल्या दिरांच्या नावावर, आणि गोव्यात नवऱ्याबरोबर बायकोचीही सही लागते. दिरांनी ना-हरकत दाखल्यावर लगेच सही केली. जावेने तो वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"तुका वेगळा रवाचा आसा तर तोंडान सांग," ती म्हणाली. "सरकाराक कित्याक फुडे करतस?"

माझं डोकंच फिरलं. घरपट्टीची पावती, कोटेशनं, बँकेतले ते साहेब, जे मी गेले की नेमके जेवायला गेलेले असत. हे हेलपाटे मी काय हौसेने घालत होते? नाही नाही ते बोलले. भांड्याला भांडं लागतंच, पण त्या दिवशी मी ते मुद्दाम आपटलं. नंतर आमचं बोलणं जेवण वाढण्यापुरतं उरलं.

शेवटी एका शुक्रवारी बाजाराच्या निमित्ताने तिला म्हापशाला नेलं आणि त्या गृहस्थांसमोर बसवलं. त्यांनी सगळं नीट समजावलं. तिने एकच विचारलं, "पैशे गावले की मागीर ती भित काढूक मेळात?"

पैसे मिळाले तरी भिंत काढता येणार नाही म्हणाले, तपासणीला कधीही येतात. तिने मान हलवली आणि सही केली. परतीच्या बसमध्ये ती मासळीबाजारात सुंगटं किती महागलीत तेच बोलत होती. सही झाली म्हणजे तिचं समाधान झालं, असं मी समजले. मला फार हायसं वाटलं.

भिंत झाली, दार बसलं, मीटर लागला. तपासणीवाले फोटो काढून गेले. सरकारी काम, सहा महिने थांब म्हणतात, तसं थांबलोही. यंत्र आलं तेव्हा नारळ फोडला, पेढे वाटले. गावाला जे बोलायचं होतं ते बोलून झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यंत्राची ताटं पुसत होते. साठं थापायला जाऊ आली, नेहमीसारखी पदराला हात पुशीत. नव्या दाराशी थांबली. चपला काढल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "भितर येव काय?"

नवी नवरी म्हणून मी या घरात आले तेव्हा कुठलं भांडं कुठे असतं ते मला हिनेच दाखवलं होतं. हातातलं ताट मी खाली ठेवलं. "विचारतस कित्याक गो वयनी?" मी म्हटलं.

ती आत आली, पण मी पाट पुढे सरकवेपर्यंत बसली नाही.