आईंना आता बरं आहे

सासूबाईंना नागीण झाली होती. फोड वाळले, डागही फिके पडले, पण डाव्या कुशीतली आग काही गेली नाही. नुसता कपडा लागला तरी त्या दचकतात. बाहेरून काहीच दिसत नाही, हीच तर पंचाईत.

गोरखपूरच्या आमच्या घरी कुणी आलं, की पहिला प्रश्न त्यांच्या तब्येतीचा. उत्तर मात्र मी देते. त्यांनी तोंड उघडलं, की कुणी झाडफूक सुचवणार, कुणी तेल, आणि जिना उतरताना सून लक्ष देत नाही म्हणणार. त्यापेक्षा चहाचा ट्रे पुढे करायचा आणि सांगून टाकायचं, "आईंना आता बरं आहे." पाहुणेही खूश, मीही.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी त्यांच्यासाठी जरीची साडी काढली.

"नको गं, आज खूप जळून राहिलं," त्या म्हणाल्या.

"तासाभराचा तर प्रश्न आहे, आई. बायका काय म्हणतील?"

त्यांनी नेसली. एका हाताने पदर अंगापासून लांब धरून दुसऱ्या हाताने सगळ्यांना कुंकू लावलं. शेजारच्या दीदींनी विचारलं, "अम्माजी अब कैसी हैं?"

"बहुत फर्क है," मी म्हणाले. सासूबाईंकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "अम्मा, जलन कैसी है?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "बहू बताएगी."

टोमणा असता तर मी परतवला असता, त्यात मी कुणाला हार जात नाही. पण त्या मनापासून म्हणाल्या होत्या. त्यांच्या दुखण्याबद्दल बोलायचं ते मीच, हे त्यांनी मान्यच करून टाकलं होतं.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "फर्क हो तो दवा कम कर दें?"

'बहुत फर्क है' अगदी ओठांवर आलं होतं. मला माझीच इतकी लाज वाटली, की खुर्चीत बसवेना.

"मुझे नहीं मालूम, सर," मी म्हणाले. मग सासूबाईंकडे वळले. "आई, तुम्ही सांगा. जसं आहे तसं. मी मधे बोलत नाही."

डॉक्टर थांबले. माझ्या कानाशी येऊन सासूबाईंनी हळूच विचारलं, "साडीचं सांगितलं तर चालेल?"