तव्यावरची पोळी अन् तीन बाजूंचा ओटा

"तसा नाही गा, रुपराव. पाठ भिताडाकडं अन् तोंड माणसायकडं. मले तसा ओटा पाहिजे."

"काकू, मंग गॅस ह्या तिसऱ्या बाजूवर येईन. लोकं समोर बसून जेवतीन अन् फोडणीचं तेल त्यायच्या सदऱ्यावर उडन."

"उडू दे. इतके वर्ष माह्या हातावर उडलं, तवा कोणी इचारलं?"

रुपराव मिस्त्री हसला. जुना ओटा अन् समोरच्या खोलीकडची भिंत त्याच दिवशी फोडली होती, अन् दोघं मलब्यात उभे राहून बोलत होते. त्यानं खडूनं फरशीवर आकृती काढली. एक बाजू खिडकीखालून, दुसरी भिंतीला धरून, तिसरी खोलीच्या मधात आलेली. इंग्रजी यू अक्षर असते, तसं. तिसऱ्या बाजूला बाहेरून जेवायची रुंद फळी, अन् तिच्यापुढं खुर्च्या.

"तीन खुर्च्या बसतीन ऐसपैस," तो म्हणाला.

"चार कर."

"चौथी दाटीत होईन, काकू."

"घरात माणसं किती हायेत, तुले मोजता येते का नाही? मी, हे, पियूष अन् येणारी सून. मी काय भिताडावर बसून जेवू?"

मग चार खुर्च्या ठरल्या.

ह्या सुभद्राबाई. राहणार प्रताप नगर, माहेर भिवापूरकडचं. बापाच्या घरी मिरची व्हायची. तोडणीच्या दिवसांत बाया दुपारी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गोल करून बसायच्या. भाकर, ठेचा, कांदा. वाढणारी कोणी नव्हती. जिचा डबा उघडला, त्यात चौघींचे हात. तिखट लागलं की सगळ्यांच्याच नाकाला पाणी, अन् एकमेकींची तोंडं पाहून हसणं. सुभद्राबाईच्या लेखी जेवण म्हणतात ते हे.

लग्न होऊन नागपुरात आल्या अन् तसं जेवण संपलं. नवरा ताराचंद कळमन्याच्या बाजारात धान्याचे अडते. माणूस वाईट नाही. दारू नाही, हात उचलणं नाही. पण त्या घराण्याचा एक नेम होता. पुरुषाच्या ताटात तव्यावरचीच पोळी पडली पाहिजे. डब्यात गेली की ती शिळी, मग भलेही आत्ताच का भाजलेली असेना. सासू मरून गेली, पण नेम काही मेला नाही. पियूष चड्डीत होता तेव्हापासून तोही बापासारखाच ताट धरून बसायला शिकला.

आता तुम्हीच हिशोब लावा. खाणाऱ्याला पोळी तव्यावरचीच पाहिजे, तर एक माणूस तव्यापाशी पाहिजेच. जेवणारे जेवतील तोवर ते माणूस जेवणार नाही. त्या घरात ते माणूस एकच होतं.

जुनं सयपाकघर म्हणजे बोळकांडी. गॅस भिंतीकडं तोंड करून. जेवणं समोरच्या खोलीत. तिथून हाक यायची, "पोळी आण वं." त्या पोळी टाकून मागं फिरल्या की पाठीमागं काहीतरी बोलणं व्हायचं, हसणं व्हायचं. त्या पुढची पोळी घेऊन जायच्या अन् विचारायच्या, "काय झालं जी?" "काही नाही," ताराचंद म्हणायचे. सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगायचा त्यांना कंटाळा. सुभद्राबाईंचा ह्याच्यावरून एक समज पक्का झाला. मधात भिंत आहे म्हणून हे असं होते. भिंत गेली तर आपणही त्यांच्यात बसून जेवू.

पियूषचं लग्न जमलं तसे ताराचंद म्हणाले, "तुले काय करू? पाटल्या का गोफ?" ह्या म्हणाल्या, "सयपाकघर करा." नवरा चकित झाला, पण शब्द दिला.

मग त्यांनी मोबाइलवर फोटो पाहणं सुरू केलं. होणारी सून अस्मिताही पाठवायची. तीन बाजूंचे ओटे, आतच जेवायची सोय. फोटोतली बाई ओट्याच्या आत उभी, बाहेर उंच खुर्च्यांवर माणसं, सगळ्यांचे दात दिसून राहिलेले. ओट्यावर एका वाडग्यात लिंबं. तवा कुठंच नाही. कणकीची परात नाही. सुभद्राबाईंच्या ध्यानात हे आलं नाही. आमच्या लोकांची ही जुनी खोड आहे. दुसऱ्याचं घर पाहून आपलं बांधतो, पण त्या घरचे लोक खातात काय, हे विचारत नाही.

सयपाकघर झालं. देखणं झालं, खोटं काहून बोलू? खिडकीखाली भांडे धुवायची जागा, भिंतीकडून डबे-बरण्या, मधातल्या बाजूवर गॅस, वर लटकती चिमणी. लग्नानंतर पहिल्यांदा चौघं तिथं जेवायला आले. तिघं बाहेर बसले. सुभद्राबाई आत उभ्या राहिल्या, "दोन पोळ्या टाकते अन् येते," म्हणाल्या.

दोनच्या चार झाल्या, चारच्या आठ. आधी निदान हाक मारावी लागायची. आता ताराचंदांनी नुसतं बोट वर केलं की पोळी ताटात. आधी पोळी नेता-आणता चार पावलं चालणं व्हायचं, पाठ मोकळी व्हायची. आता तेही गेलं. पियूष खूश होऊन म्हणाला, "आई, हे बेस्ट झालं वं! तव्यावरून डायरेक्ट ताटात!" त्या ताट घेऊन चौथ्या खुर्चीवर आल्या तेव्हा बाप-लेक हात धुवून उठले होते. अस्मिता लाजेकाजेस्तव बसून राहिली. तिच्या हातावरचं उष्टं वाळत होतं. सासूनंच म्हटलं, "जाय बाई, धुवून घे हात."

असं रोज झालं. पण सुभद्राबाई हार खाणाऱ्यातल्या नव्हत्या. एका रविवारी त्यांनी आधीच पोळ्या करून घेतल्या. तूप लावलं, फडक्यात गुंडाळल्या, गरम राहणाऱ्या डब्यात ठेवल्या. आलूवांग्याची भाजी, वरण, भात. गॅस बंद केला. चार ताटं वाढली, अन् सगळ्यांच्या आधी स्वतः चौथ्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

ताराचंद आले. बसले. पोळीला दोन बोटं लावून पाहिली.

"हे डब्यातली हाय काय?"

"आत्ताच केल्या जी. वाफा निंघून राहिल्या, पाहा ना."

"वाफेनं लिबलिबीत झाली. मी काय लॉनमधल्या लग्नात जेवून राहिलो?"

आवाज चढवला नाही. फक्त हात ताटाच्या कडेला ठेवून बसून राहिले. ते जेवत नाहीत म्हणून पियूष जेवेना. तो म्हणाला, "आई, दोनच टाक ना वं, बाबांपुरत्या. तू बस मग."

सुभद्राबाई उठल्या नाहीत. पोळीचा तुकडा मोडून त्यांनी भाजीत बुडवला. अस्मिताला ते पाहवेना. ती खुर्ची सरकवून उठली. "मी टाकते ना, बाबा."

"बस वं पोरी," ताराचंद मायेनं म्हणाले. "हप्ताभर बँकेत राबून आली तू. एक दिवस तं सुखानं जेव."

अस्मिता बसली. तिचं मी चुकीचं म्हणत नाही. दमलेली पोर होती, अन् बसायला सांगणारा घरचा मोठा माणूस होता.

सुभद्राबाईंनी घास ताटात परत ठेवला. "अन् मी कुठून आली जी?"

"तू?" ताराचंदांना खरंच प्रश्न पडला. "तू कुठी गेलीच होती?"

पियूष फसकन हसला. मग ताराचंदही हसले, आपण चांगलं बोललो असं वाटून. अस्मितानं मान खाली घातली, पण ओठ तिचेही हललेच. मधात भिंत नव्हती. सुभद्राबाईंना सगळं लख्ख ऐकू आलं, अन् दिसलंही.

त्या उठल्या. ओट्याच्या टोकाला एका माणसाची वाट ठेवली आहे, तिथून आत गेल्या. गॅस लावला. डब्यातल्या पोळ्या संध्याकाळी भांडेवाली भीमाबाई घेऊन गेली.

तेव्हापासून त्या चौथ्या खुर्चीवर जात नाहीत. लोक उठले की आतच, भांडे धुवायच्या जागेशेजारी ताट ठेवून, खिडकीकडं तोंड करून उभ्यानं जेवतात. चौथ्या खुर्चीवर पियूषची बॅग असते.

परवा शेजारची दीपमाला आली. तिच्या घरचं काम निघालं आहे. तिनं ओट्याचे चारही अंगांनी फोटो काढले अन् रुपरावचा नंबर मागितला.

"वहिनी, मले सेम असाच पाहिजे. तुम्ही कशा मजेत घरच्यांसोबत राहता इथं! मी तं कोंडल्यासारखी राहते त्या जुन्या किचनमधी."

"नंबर घे. पण माहं ऐकशीन?"

"सांगा ना."

"गॅस भिताडाकडंच ठेव."

"काहून?"

"खाणाऱ्यायची तोंडं पाहून भूक मरते बाई. पाठ असली तं माणूस म्हणते, त्यायले दिसत नसन आपण."

दीपमाला खळखळून हसली. "तुम्ही बी ना, वहिनी!" म्हणत तिनं सुभद्राबाईंच्या दंडावर चापट मारली, अन् लिंबं कुठं ठेवता, वाडग्यात ठेवली तर फोटोत छान दिसतील, असं सुचवून गेली.

फाटकाशी ताराचंदांची गाडी वाजली. कणीक मुरली होती. सुभद्राबाईंनी तवा ठेवला, गोळा तोडला, पिठात लोळवला अन् लाटायला घेतला.