साबेरा मॅडमचं थांबणं

साबेरा मॅडम अतिदक्षता विभागात आल्या की आधी खाटेखाली लटकलेली लघवीची पिशवी बघत. वाकून ती उजेडात धरत, आणि मग पेशंटला विचारत, "काय दादा, कसं काय?" नाशिकच्या आमच्या हॉस्पिटलात त्या किडनीच्या डॉक्टर आणि मी त्यांच्या हाताखाली. नव्या नर्सेस तोंड लपवून हसत. मॅडमना ते कळत असे आणि चालतही असे.

जंतुसंसर्ग अंगभर पसरला की किडन्या संप पुकारतात. लघवी आटते, नातेवाईक घाबरतात आणि डायलिसिसचं मशीन लावा म्हणून मागे लागतात. मॅडम सहसा लगेच लावत नसत. "रुसलेल्या किडनीला जरा वेळ द्यावा. पोटॅशियम ठीक आहे, फुप्फुसात पाणी नाही. मशीनचेही त्रास असतातच की." बहुतेकदा काही दिवसांत पिशवी भरू लागे आणि मॅडम लहान मुलीसारख्या खूश होत. मात्र थांबायचं ठरवलं की त्या घरी जात नसत. विभागाच्या दाराबाहेरच्या बाकावरच डबा उघडत. "थांबणं म्हणजे सोडून जाणं नाही, समझे?" असं मला बजावत.

येवल्याचे एक पैठणी विणणारे गृहस्थ असेच आले. पायाची जखम चिघळून विष अंगभर गेलेलं. सकाळचे रिपोर्ट थांबण्याजोगे होते, म्हणून मॅडम थांबल्या. दुपारी रक्तातलं पोटॅशियम अचानक हृदयाला धोका होईल इतकं चढलं. मशीन जोडेपर्यंत हृदय बंद पडलं. मॅडम खाटेशेजारीच होत्या. कुणी त्यांना बोल लावला नाही. त्यांच्या जागी मीही थांबलो असतो.

दिवसकार्य आटोपून त्या गृहस्थांच्या पत्नी सुमनबाई आल्या. "मॅडम, मशीन आदी लावलं असतं तर वाचले असते का वो?"

'नाही' म्हटलं असतं तरी भागलं असतं. मॅडम म्हणाल्या, "नाही सांगता येत, ताई. मीसुद्धा रोज तोच विचार करते."

मला त्यांचा रागच आला. बाईला निदान झोप तरी लागू द्यायची.

पुढेही मॅडम थांबतच राहिल्या, कारण त्यांच्या मते तेच बरोबर होतं. पण एखादा पेशंट छान सुधारत असतानाही मध्येच विचारत, "येवल्याच्या दादांचं रक्त तासभर आधी तपासायला हवं होतं का रे?" सुमनबाई नाशिकला आल्या की भेटून जात. दोघी बराच वेळ बाकावर शेजारी बसत. मला ते बघवत नसे.

गेल्या हिवाळ्यात मॅडम झोपेतच गेल्या. सुमनबाईंना ठाऊक नव्हतं. त्या नेहमीसारख्या आल्या आणि मला सांगावं लागलं. त्या बाकावर बसून राहिल्या. मला राहवेना. म्हटलं, "ताई, मशीन आधी लावलं असतं तरी ते वाचले नसते. आता मनातून काढून टाका."

त्यांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं. "तुमी चांगल्यासाटीच बोलताय, डॉक्टर. पन ती दुपार आमी दोघी मिळून सोसत व्हतो. आता मी एकलीच हाय."