डाव्या बाजूचं माप

आमच्या दिंद्रुडात माझ्यासारखी नजर कुणाची नाही, असं मीच सगळ्यांना सांगत असते. टेप न लावता बाईचं माप सांगते मी. लग्नात बाकीच्या बायका नवरीचे दागिने बघतात, मी बाह्यांचे झोळ बघते. कुणाचा खांदा उतरलाय, कुणाची पाठ ओढलीय, कोणत्या अडाण्यानं गळा कापलाय, सगळं दिसतं. माजलगावला तीन महिने शिवणक्लास काय केला, तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नाहीत.

माझी थोरली जाऊ शेजारच्याच घरात राहते. मी तिला आक्का म्हणते. लग्न होऊन आले त्या दिवसापासून तिनं मला अहो-जाहो करू दिलं नाही. ती मात्र मला चिडवायला टेलरीनबाई म्हणते. दसरा झाला की ती आणि थोरले दीर ऊसतोडीला जातात, उन्हाळ्यात परत येतात. वैशाखात ते परत आले तेव्हा नात्यातल्या एका लग्नासाठी मी तिला ब्लाऊज शिवला. दोन दिवसांत ब्लाऊज घेऊन माझ्या शिलाईच्या दुकानात हजर.

"काय शिवलंस ग बाई? डाव्या अंगाला कचतंय."

माझ्या शिलाईला नाव ठेवलं की माझ्या अंगाची आग होते. कापड आटलं असेल, म्हटलं. ब्लाऊज अजून एकदाही धुतला नव्हता, तरी म्हटलं. शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. ती डाव्या बाजूनं बोटभर उसवून दिली.

पोळ्याच्या आधी पुन्हा तेच रडगाणं. "आक्का, एकाच अंगानं जेवतीस का काय?" मी म्हटलं आणि दोघी खो खो हसलो. आज तो विनोद आठवला की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. पुन्हा बोटभर उसवलं.

नवरात्रात ती तिसऱ्यांदा आली, तेव्हा आतली माया संपली होती. मग मी त्याच रंगाची पट्टी धुंडून काढली आणि काखेखाली अशी बेमालूम जोडली की जोड कुठं आहे ते सापडू नये. वर चार गिऱ्हाइकांना तो ब्लाऊज दाखवून सांगितलं, ह्याला म्हणतात हात! एका बाईचं अंग एकाच बाजूनं बदलत चाललं होतं आणि मी ब्लाऊज दुरुस्त करत होते. कौतुक मागत होते ते वेगळंच.

दसरा झाल्यावर आशाताईंनी अंगणवाडीत बायकांना बोलावलं. आशाताई माझ्या गिऱ्हाईक, म्हणून गेले, नाहीतर मला कुठली सवड! नर्सबाई बायकांच्या आजारांवर बोलत होत्या आणि मी त्यांच्या ब्लाऊजची पट्टी बघत होते. एक टाका तिरका गेला होता. त्या म्हणाल्या, "छातीतली गाठ दुखतेच असं नाही. न दुखणारी तर आधी दाखवा. एकाच बाजूचा आकार बदलला, एकाच बाजूनं कपडा घट्ट व्हायला लागला, तरी दाखवा."

पुढचं काही ऐकूच आलं नाही. दुसऱ्याच कुणाच्या तरी चपला पायात घालून मी आक्काच्या घरी पळत सुटले.

आक्का बोचकी बांधत होती. टोळीला ऊसतोडीला न्यायला ट्रॅक्टर परवा येणार होता. तिला आत नेलं, दार लावलं आणि विचारलं. गाठ होती. काखेकडच्या बाजूला, सुपारीएवढी.

"कावून सांगितलं न्हाईस ग?"

"दुखत न्हाई तर काय सांगू? आन तुला तर सांगितलंच की, कचतंय म्हणून."

"उद्या बीडला जायचं," मी म्हटलं.

"येडी हाय का तू? मी न्हाई गेले तर कोयता मोडतो. वैशाखात बघू."

तिचं काही खोटं नव्हतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या माणसाला टोळीत कोण घेतो? पण सहा महिने उसाच्या फडात आणि पाचटाच्या कोपीत काढायचे, तोवर ती गाठ काय हिची वाट बघत बसणार होती?

शहाण्या बाईनं अशा वेळी आशाताईंना बोलावलं असतं. मला तेवढं कुठं सुचतंय! बोचक्यात वरच तो ब्लाऊज होता, तो घेतला आणि ओट्यावर गेले. थोरले दीर कोयत्याला धार लावत बसले होते. त्यांच्यापुढं आजवर माझ्या डोक्यावरचा पदर हलला नव्हता, बोलणं तर लांबच. मी त्यांच्यापुढं त्यांच्या बायकोचा ब्लाऊज अंथरला आणि मधोमध घडी घातली. उजवी बाजू संपली त्याच्या पुढं डावी तीन बोटं बाहेर आली.

"दादा, हे मी तीनदा वाढवलं. आक्काला गाठ हाय. मला कळलं न्हाई, चुकलं माझं. पर तिला फडात नेऊ नका."

दवाखान्यातलं त्यांना काही कळत नाही, पण तीन बोटं कळली. त्यांनी त्या पट्टीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "कोयता गेला उडत. मुकादमाला मी बघतो."

बीडला सुई घालून तपासणी झाली. रिपोर्टला दिवस लागले, मग लांबच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. जाईल तिथं पहिला प्रश्न, कधीपासून? आक्का म्हणायची, काय माहीत. मी म्हणायचे, वैशाखापासून. एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इतकं पक्कं कसं सांगता? "मी टेलर हाय," मी म्हटलं. त्यांनी मला चांगलं झापावं असं फार वाटत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "अजून सहा महिन्यांनी आला असता तर अवघड होतं," आणि लिहीत राहिल्या. मी बाहेर बाकावर बसून ढसाढसा रडले.

आता दुकानात पडद्याच्या आत, माप घेते तिथंच, आशाताईंनी चित्रांचा तक्ता लावलाय. मी येईल त्या बाईला विचारते. बायका कावतात, टेलरीनबाई कपडे शिवती का डॉक्टरकी करती? दोघींना तपासायला पाठवलं. एकीची नुसती दुधाची गाठ निघाली, तिनं हेलपाटा पडला म्हणून मला शिव्या घातल्या. मला इतका आनंद झाला की तिच्या साडीला फुकट फॉल लावून दिला.

परवा आक्का दुकानात आली. ऑपरेशन झालंय, औषधाचे डोस चालूच आहेत, डोक्याला रुमाल. हातात तोच ब्लाऊज.

"ही डाव्या बाजूची पट्टी आता काढून टाक. आन ह्या बारीला मुकाट्यानं करू नको. काय दिसलं तर बोल."

मी टेप लावला. डावीकडचं माप घेतलं आणि टेप गुंडाळायला लागले, तशी तिनं माझं मनगट धरलं.

"आन उजवी?"

उजवी मोजली. वैशाखात होती तेवढीच भरली. तरी पुन्हा मोजली.

"आगं, झालं की."

"गप उभी राहा," मी म्हटलं आणि तिसऱ्यांदा टेप लावला.