मार्क्स कार्डावरची बाई

फॉर्म भरणं ही माझी विद्या. कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे फॉर्म तपासत आलेलो, त्यामुळे नातेवाइकांत माझा भलता दबदबा. गॅस, टेलिफोन, रेशन कार्ड, पासपोर्ट, कागद कुठलाही असो, तो आधी बंगळूरच्या बसवनगुडीत माझ्या घरी येणार आणि मग सरकारदरबारी जाणार. फॉर्म भरायला बसण्यापूर्वी मी हात धुतो. बायको म्हणते, "पूजेला बसताना एवढे धुवत नाही तुम्ही."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका रविवारी सकाळी माझी थोरली बहीण, म्हणजे अक्का, मल्लेश्वरमहून दोन बसेस बदलून आली. पिशवीतून आधी चकल्यांचा डबा निघाला आणि त्याखालून एक घडी घातलेला फॉर्म.

"कुणाचा?" मी विचारलं. तिच्या पोराला नवी नोकरी लागायची होती.

"माझा."

"कसला?"

"बी.ए.चा."

मी हसलो. नुसता हसलो नाही, चकली घशात अडकेपर्यंत हसलो. अक्काने शांतपणे पाण्याचा तांब्या पुढे केला आणि माझं पिऊन होईपर्यंत वाट बघितली. "झालं? आता भर."

अक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. एसएसएलसीला, म्हणजे मॅट्रिकला, शाळेत पहिली आलेली. पुढं शिकायचं म्हणाली तेव्हा बाबा म्हणाले, "पुढल्या वर्षी बघू." पुढल्या वर्षी त्यांनी स्थळ बघितलं. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं तिने संसार केला, दोन मुलं शिकवली, आणि आता विद्यापीठाने टपालाने शिकवायचं ठरवलंय हे तिला शेजारणीकडून कळलं. पीयूसी, म्हणजे बारावी, झालेली नसली तरी चालत होतं. वय झालेलं असलं, एक प्रवेश परीक्षा दिली, की झालं. धडे पोस्टाने घरी येणार, आणि महिन्यातल्या काही रविवारी मल्लेश्वरममधल्याच एका कॉलेजात मास्तर समोर बसवून शिकवणार. जन्मभर 'वय झालं' हे कारण नाही म्हणायला ऐकलेलं. इथे तीच पात्रता.

"भावजी काय म्हणतात?"

"म्हणाले, इतिहास घे. गणित घेतलंस तर मला विचारशील."

मी हात धुतले आणि भरायला बसलो. नावाच्या चौकटीत अक्काचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं, एकेका घरात एकेक अक्षर, जणू टाइप केलेलं. वयाचा पुरावा म्हणून एसएसएलसीचं मार्क्स कार्ड, म्हणजे गुणपत्रिका, जोडायचं होतं. ते तिने जुन्या तपकिरी पाकिटात घालून दिलं होतं. मी ते पाकीट तसंच झेरॉक्सवाल्याच्या हातात दिलं. प्रतीवर गॅझेटेड अधिकाऱ्याची सही हवी होती, त्यासाठी आमच्या गल्लीत एक गुरांचे सरकारी डॉक्टर राहायचे. ते फाटकाशीच उभे होते, घाईत. माझ्याकडे बघून त्यांनी 'खरी प्रत' असा शिक्का मारला. त्यांचा माझ्यावर विश्वास, माझा त्यांच्या शिक्क्यावर. कार्डाकडे मात्र दोघांपैकी कुणीच बघितलं नाही.

प्रवेश परीक्षा अक्का सहज पास झाली. धड्यांची जाडजूड पाकिटं येऊ लागली. रविवारच्या वर्गाला पहिल्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो. तिला चार पावलांवरच्या कॉलेजात सोबत कशाला लागते, हा प्रश्न बायकोने विचारला होता. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. वर्ग बघण्यासारखा होता. ड्यूटी संपवून खाकीतच आलेला बस कंडक्टर, दोन नर्स, पोस्टातले एक आजोबा, शिवाजीनगरातला एक घड्याळं दुरुस्त करणारा. शिकवणारा मास्तर यांच्यापैकी निम्म्यांच्या मुलांच्या वयाचा. तो "तुम्ही सगळे" म्हणायचा आणि मग घाबरून "सर, मॅडम" जोडायचा.

जमीनमहसुलावर तो बोलायला लागला आणि पंख्याची हवा मला लागली. डोळे उघडले तेव्हा तो माझ्याकडे बोट दाखवून विचारत होता, "तुम्ही सांगा, सर, शेतकऱ्याला या पद्धतीचा तोटा काय?"

मी उभा राहिलो. पर्सोनेल खात्यातला अनुभव पणाला लावून म्हणालो, "फॉर्म फार भरावे लागायचे."

वर्ग इतका हसला की मास्तरही हसला. पहिल्या बाकावरून अक्काने खरं उत्तर दिलं, तीन मुद्द्यांत. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "पुढच्या रविवारी घरी झोप. उशी पण असते."

वर्ष असं छान चाललं होतं. भावजी सकाळी इडलीचं वाटण वाटायचे, तेवढ्या वेळात अक्का धडा वाचायची. वार्षिक परीक्षा तीन आठवड्यांवर आली आणि विद्यापीठाचं पत्र आलं. पत्ता माझा होता, कारण तोही मीच भरला होता. पत्रात लिहिलं होतं, आपल्या अर्जासोबत जोडलेलं मार्क्स कार्ड दुसऱ्याच व्यक्तीचं आहे. स्वतःचं कार्ड दहा दिवसांत सादर न केल्यास हॉल तिकीट मिळणार नाही.

म्हणजे वर्षभराचं वाचन वाया. मी प्रत काढून बघितली. खरंच, कार्डावर भलत्याच बाईचं नाव! आडनाव आमचं होतं, पण आमच्या आडनावाची माणसं बंगळूरात काय कमी आहेत? माझं रक्त तापलं. तसाच स्कूटर काढून झेरॉक्सवाल्याकडे गेलो.

"काय हो अण्णा, दुसऱ्या कुणा बाईचं कार्ड माझ्या कागदांत घातलंत!"

त्याने प्रत वरखाली केली. "सार, ह्या बाई कोण?"

"ते मला काय माहीत? तुमचं गिऱ्हाईक!"

"मग त्यांचं कार्ड तुमच्याकडं आलं तर तुमच्या बहिणीचं कार्ड त्यांच्याकडं गेलं असंल," तो म्हणाला. हे तर्काला इतकं धरून होतं की मी आणखी चिडलो. त्या बाईला हुडकून काढा, असं त्याला दुकानातल्या सगळ्यांसमोर बजावून मी थेट मल्लेश्वरम गाठलं.

अक्का दारातच शेंगा सोलत होती. मी प्रत तिच्यापुढे नाचवली. "ही कोण बाई? हे कुणाचं कार्ड दिलंस मला?"

अक्काने चष्मा लावला. कार्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माझं."

"तुझं कसं? नाव बघ की!"

"बघितलं. माझंच आहे. लग्नाआधीचं."

मी पायरीवर बसलो. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा त्यात अंगठीने नवं नाव लिहितो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या लग्नात मी स्वतः लिहिलंय. पण अक्काच्या लग्नात मी सात वर्षांचा होतो, आणि त्याआधी घरात तिला कुणी नावाने हाकच मारत नसे. मी 'अक्का' म्हणायला शिकावं म्हणून आईबाबाही तिला अक्काच म्हणायचे. मला तिचं एकच नाव ठाऊक होतं आणि ते तिच्या सासरचं. सख्ख्या बहिणीचं नाव मी चाळिशीत, एका झेरॉक्स प्रतीवर पहिल्यांदा वाचलं, आणि ते वाचून दुकानदाराशी भांडलो.

"तांदळाचं ताट तरी आठवतं का तुला?" अक्काने विचारलं. "सगळे जेवायला बसले तेव्हा मुठी भरभरून चिमण्यांना घातलेस."

ती नावं मी इथे लिहीत नाहीये, दोन्हीपैकी एकही नाही. "एका कागदावर घोळ घातलास तेवढा पुरे," असं तिने बजावलंय.

घरी बायकोला सांगितलं. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "माझं तरी आठवतंय का आधीचं?" मला आठवलं. पण आठवेपर्यंत ती पोळी करपली, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी नोटरीकडून आम्ही प्रतिज्ञापत्र केलं. 'ती बाई आणि ही बाई एकच असून ती मीच आहे,' अशा अर्थाचं. ते घेऊन विद्यापीठाच्या बंगळूरातल्या कचेरीत गेलो. खिडकीमागे चष्मा कपाळावर ढकललेले एक कारकून होते. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि कानडीत विचारलं, "लग्नानंतर आडनाव बदलतं, ते आम्ही रोज बघतो. पण ह्यांचं स्वतःचं नावही बदललं?"

"हो," मी म्हणालो. "आमच्यात पद्धत आहे."

"का?"

मी मनातल्या मनात सगळे फॉर्म चाळले. पर्सोनेल खात्यात असा रकानाच नव्हता.

"पुरुषांचं पण बदलतात?"

"नाही."

त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना बोलावलं. "इल्ली बन्नी, मेडम, हे बघा." त्या बाईंनी कागद वाचला आणि सरळ अक्कालाच विचारलं, "अय्यो, अम्मा! मग शाळेतल्या मैत्रिणी तुम्हाला शोधणार कशा?"

"म्हणूनच कुणाला सापडले नाही मी," अक्का हसत म्हणाली.

"सरी, ठीक आहे," कारकून म्हणाले. "पण डिग्रीवर एकच नाव छापणार. कुठलं ठेवायचं?"

"सासरचं," मी लगेच म्हणालो. "फॉर्ममध्ये आहे तेच. सगळीकडे तेच आहे, रेशन कार्डावर, मतदार यादीत..."

"थांब," अक्का म्हणाली. एवढ्या मोठ्याने ती कचेरीत बोलेल असं मला वाटलं नव्हतं. मग ती खिडकीकडे वळली. "एसएसएलसी जी पास झाली तिचंच नाव घाला. पुढच्या परीक्षा पण तीच देणार आहे."

कारकुनांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "स्वल्प वेळ लागेल. फाइल वरच्या कचेरीत जाईल. वेळेवर येईल असं सांगू शकत नाही, अम्मा. जुनंच नाव चालू ठेवलं तर लवकर होईल."

"जुनंच तर सांगतेय मी," अक्का म्हणाली.

रस्त्यावर आल्यावर मी तिच्या मागे लागलो. अगं, हट्ट कशाला, परीक्षा हुकेल, भावजींना काय वाटेल! ती येणाऱ्या बसचा नंबर बघत पुढे चालत राहिली. भावजींना मीच सांगितलं, जरा घाबरतच. ते वाटणाच्या दगडापासून उठलेसुद्धा नाहीत.

"मी कुठं तिला नावानं हाक मारतो?" ते म्हणाले. "तीस वर्षं 'अगं'वर भागतंय. मी ठेवलेलं नाव एकदाच तांदळात लिहिलं, ते तुझ्या चिमण्यांनी खाल्लं. तिला तिचं घेऊ दे."

मग दोन आठवडे आम्ही पोस्टमनची वाट बघितली. म्हणजे मी बघितली. अक्का वाचत होती. हॉल तिकीट येईना तेव्हा तीच कचेरीत गेली, एकदा, दोनदा, तीनदा. "मी येतो," म्हटलं की म्हणायची, "तू नको. तुला बघितलं की त्यांना प्रश्न सुचतात." परीक्षेच्या आदल्या दुपारी तिचा फोन आला. "मिळालं. फोटो माझा, नाव माझं. झेरॉक्सवाल्याची माफी मागून ये."

मी गेलो. तो म्हणाला, "सापडल्या का सार, त्या बाई?" मी म्हटलं, सापडल्या. "कुठं राहतात?" मी म्हटलं, मल्लेश्वरम. तो समाधानाने पुढची झेरॉक्स काढायला लागला.

परीक्षेचा पेपर संपायच्या वेळी मी स्कूटर घेऊन फाटकाशी जाऊन थांबलो. नारळपाणी घेऊन ठेवलं होतं. घंटा झाली, माणसं बाहेर आली. वीस वर्षांची पोरं होती, पन्नाशीचे आजोबा होते, आणि सगळ्यांच्या बोटांना सारखीच शाई. अक्का बाहेर आली, पदराने कपाळ पुसत. "पाचही प्रश्न लिहिले," तिने लांबूनच सांगितलं. "जास्तीची पुरवणी घेतली."

मी स्कूटरला किक मारणार, तोच मागून हाका आल्या. वर्गातल्या दोघी नर्स आणि तो बस कंडक्टर रस्त्यापलीकडून कुणा बाईला नावाने बोलावत होते. कोण बाई हे बघायला मी इकडेतिकडे मान वळवली.

ते कार्डावरचं नाव आहे हे मला कळेपर्यंत अक्का रस्ता ओलांडून गेली होती. तिथूनच तिने मला हात केला. "तू जा घरी! आम्ही डोसा खायला चाललोय, उद्याच्या पेपरवर बोलायचंय."

मी शहाळं एकट्यानेच प्यायलो. मला कुणी बोलावलं नव्हतं.